तिसऱ्या हाकेपर्यंत

२९ सप्टेंबर १९५७

पोचलो एकदाचे! पुण्यापासून वर्ध्याच्या पुढे सेलूपर्यंत इंजिनाचा कोळसा खाल्ला आणि तिथे उतरल्यापासून बैलगाडीतून धूळ. हे आधी एकटे येऊन घर बघून गेले होते, तेव्हा विचारलं तर 'बरं आहे' एवढंच म्हणाले. नवऱ्याच्या 'बरं आहे'वर विसंबून, पाचव्या महिन्यात, संसार गुंडाळून निघालेली मीच शहाणी.

पण घर खरंच बरं आहे. गाव हिंगणीपासून कोसभर, ह्यांच्या कालव्याच्या मोजणीला सोयीचं. घरावर कौलं (इथे कवेलू म्हणतात), दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर. घरमालक अण्णाजी सिंदीला राहतात. त्यांनी किल्ली इतक्या घाईने ह्यांच्या हातात दिली म्हणे, की जणू नको झालेली मुलगी उजवली.

मी ट्रंक खाली ठेवायच्या आत शेजारणी हजर. उजवीकडे भागीरथाबाई राहतात. साठीच्या असतील, विधवा, कपाळावर मोठं गोंदण. समोर रामबाई, तिचा नवरा कवडू (त्याच्याच गाडीतून आम्ही आलो) आणि दोन वर्षांची गुलाब. दोघींनी मिळून चूल पेटवून ठेवली होती, पाणी भरलं होतं, भाकरी आणि अंबाडीची भाजी झाकून ठेवली होती. पुण्यात आमच्या वाड्यात दहा वर्षं राहून शेजारच्या काकूंनी कधी विरजण दिलं नाही.

आतल्या खोलीला गल्लीकडे लाकडी गजांची खिडकी आहे. तिथून भागीरथाबाईंचं अंगण आणि रामबाईचा उंबरठा दोन्ही दिसतात. माझी बाज तिथेच टाकायची असं मी ठरवलं. भागीरथाबाई म्हणाल्या, बाई, बाज भायेरच्या खोलीत टाका, इथं वारा येत नाई. डोळ्यांसमोर खिडकी उघडी, माझा पदर उडतोय, आणि वारा येत नाही म्हणे! मी हसले आणि बाज तिथेच टाकली.

६ ऑक्टोबर

आज गंमत झाली. आमटीला मीठ घालायला गेले तर बरणी रिकामी. आता कोणाकडे मागावं असा विचार करतेय, तोवर रामबाई धापा टाकत दारात. 'काय पायजे बाई?' मी म्हटलं, मीठ हवं होतं, पण तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाली, 'तुमीच त हाक देली.'

मी हाक मारलीच नव्हती. मनातल्या मनात म्हटलं असेन. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, इथल्या लोकांची रीतच गोड दिसते. मदत करायची आणि वर ती तुम्हीच मागितलीत म्हणायचं, म्हणजे घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. मला हे पटलं. आमच्याकडे मदत केली की वर्षभर ती ऐकवतात.

२० ऑक्टोबर

रीत गोड आहे, पण फार झाली! दुपारी जरा डोळा लागला की भागीरथाबाई उशाशी उभ्या. केस धुवायला बसले की रामबाई परसात. कडी घालायची सोय नाही. कडी घातली तर दार ठोठावतात, आणि असं ठोठावतात की आग लागली असावी. प्रत्येक वेळी तेच: 'हाक आली.' प्रत्येक वेळी भर दुपारी.

आज भागीरथाबाई जेवणावरून उठून आल्या होत्या. उजवा हात भाताने बरबटलेला, तोंडात घास तसाच. मी सांगितलं की मला काही नकोय, जा, जेवा आधी. त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि मग त्यांना श्वास घेता आला. घास न गिळता कोणी मीठमिरचीसाठी धावत नाही. ह्या बाईला कशाची तरी भीती वाटतेय, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१० नोव्हेंबर

सातवा लागून आठवडा झाला. गल्लीतल्या सवाष्णींनी माझी ओटी भरली. माहेर इतकं लांब, म्हणून मी मनातून हिरमुसले होते. पण भागीरथाबाईंनी कासाराला बोलावून माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आई इथे असती तरी यापेक्षा काय करणार होती? आईला जानेवारीत बोलावलंय. ती आली की आम्ही सगळे वर्ध्याच्या दवाखान्यात जाणार, असं ठरलं आहे.

एक विचित्र गोष्ट घडली. संध्याकाळी खिडकीचा गज धरून मी रामबाईला म्हणणार होते की बांगड्या बघ कशा शोभतात. तिने वर पाहिलं, माझा हात पाहिला, आणि पदर तोंडावर ओढून सरळ घरात पळाली. नजर लागेल म्हणून असेल. विचारलं तर म्हणाली, 'काई नाई बाई.' इथे 'काही नाही' म्हणजे बरंच काही असतं, हे मला आता कळू लागलंय.

२४ नोव्हेंबर

लिहू की नको असं झालंय.

आज रविवार म्हणून हे घरी होते. दुपारी विहिरीवर अंघोळ करत होते. मी टॉवेल घेऊन त्यांच्या मागेच उभी होते, हातभर अंतरावर. एकाएकी हे घराकडे तोंड करून ओरडले, 'अगं आलो, आलो! किती हाका मारशील?' मग वळले आणि मी दिसले.

मी टॉवेल दिला. मग हे हसले आणि म्हणाले, तुझा आवाज विहिरीत घुमला असेल. मी तोंडही उघडलं नव्हतं. हसणं सोडलं तर त्यांचा चेहरा भागीरथाबाईंसारखाच झाला होता.

म्हणजे ती रीत नव्हती. त्या खोटं बोलत नव्हत्या.

२ डिसेंबर

सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही.

दुपारी गुलाब भाजली. रामबाई चुलीवर पाण्याचं आधण ठेवून बसली होती. हाक आली म्हणून ती उठून इकडे धावली, मी नेहमीसारखंच म्हटलं की मी बोलावलं नाही, आणि त्याच वेळी समोरून पोरीची किंकाळी आली. आधण हातावर सांडलं होतं. कवडू शेतात होता. मीच पोरीच्या हातावर गार पाणी ओतलं. रामबाईला रडूसुद्धा येईना.

मग मी भागीरथाबाईंना हाताला धरून घरी आणलं, समोर बसवलं आणि विचारलं. आज उत्तर घेतल्याशिवाय सोडायचंच नाही असं ठरवलं होतं.

ह्या घरात पंचफुला नावाची एक मुलगी राहत होती. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस भरत आले होते, नवरा वेचणीच्या कापसाची बंडी (म्हणजे बैलगाडी) घेऊन सिंदीला गेलेला. ह्या गल्लीत एक समज आहे, म्हणजे तो मी पुण्यातही ऐकला होता, फक्त मानला कोणी नव्हता: भर दुपारी हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. 'ते' दोनच हाका देतं. तिसरी हाक माणूसच देतं. ज्याने आधी ओ दिली, त्याला ते घेऊन जातं.

त्या दिवशी दुपारी ह्या घरातून हाक आली. भागीरथाबाई अंगणात डाळ निवडत होत्या, रामबाई उंबरठ्यावर होती. दोघींनी ऐकलं. दोघी थांबल्या. दुसरी हाक आली. भागीरथाबाई सांगत होत्या आणि त्यांचे हात डाळ निवडल्यासारखे हलत होते. 'आमी एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यलो, बाई. म्हटलं, आता तिसरी येईन. मंग उठू. आमी तिसरीची वाट पायत बसलो. ते आलीच नाई.'

थोड्या वेळाने खिडकीच्या गजातून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्यांचा. त्यांना वाटलं, हेच ते. दोघींनी दारं लावून घेतली. दिवस मावळताना नवरा आला आणि त्याने दार तोडलं. आई गेली होती. मूलही.

बाजेची जागा हीच. ही खिडकी.

नवरा गाव सोडून गेला. गावातलं कोणी हे घर घेईना, म्हणून अण्णाजींनी परक्याला दिलं. आणि तेव्हापासून दोघींना दुपारच्या हाका येतात. आता त्या पहिल्याच हाकेला धावतात, कोणाची का असेना. म्हणजे ही भाजी, हे पाणी, ह्या बांगड्या माझ्यासाठी नव्हत्याच. त्या तिला देत होत्या. मला फार राग आला आणि त्यांची फार दयाही आली.

३ डिसेंबर

ह्यांच्याशी बोलले. दुसरं घर शोधतो म्हणाले, पण गावात रिकामी खोली नाही आणि रानातल्या तंबूत मला कसं ठेवणार? पुण्याला जावं तर आठवा लागलाय, आठव्यात गाडीत बसायचं नाही हे आईनेच बजावलं होतं. भागीरथाबाई म्हणतात आमच्याकडे निजा; त्यांच्या एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. आई आली की दवाखाना.

पण गुलाबचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. उद्या त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर? मी मॅट्रिक झालेली बाई. हा खेळ कुठेतरी थांबवायला हवा. म्हणून दोघींना बोलावलं आणि सांगितलं: मला गरज लागली तर मी तीनदा हाक मारीन. तीनदा म्हणजे मी. त्याहून कमी असेल तर ती मी नव्हे, तुम्ही जागचं हलायचं नाही.

भागीरथाबाई नाही म्हणाल्या. रडल्या. 'तेच पुन्ना सांगता, बाई?' मी ऐकलं नाही. गुलाबच्या डोक्यावर हात ठेवून दोघींना शपथ घ्यायला लावली. रामबाईने लगेच घेतली. भागीरथाबाईंनी शेवटी घेतली.

१५ डिसेंबर

शांतता. दुपारी मजेत झोपते. कोणी येत नाही, कोणी दार ठोठावत नाही. गुलाबच्या हाताची जखम सुकतेय. बाळ पोटात लाथा मारतं, दिवसभर चळवळ चालू असते. ह्यांना म्हटलं, बघा, शिस्त लावली की भुतंसुद्धा ऐकतात. हे मनापासून हसले.

२२ डिसेंबर

आज मी ऐकली.

इतके दिवस ती त्यांना बोलावत होती. आता त्या येत नाहीत. म्हणून मला.

बाजेवर पडून बाळाचं टोपडं विणत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. माझ्या पाठीमागे, भिंत आणि बाज यांच्या मधल्या सांदीतून, अगदी हळू: 'बाई वं.' मग श्वास घेतल्यासारखा आवाज. मग पुन्हा, 'बाई वं.'

मी ओ दिली नाही. टोपडं तोंडात कोंबलं आणि तशीच पडून राहिले. तिसरी आली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

२९ डिसेंबर

रोज दुपारी. दोन हाका. कूस बदलली तरी पाठीमागूनच. बाज बाहेरच्या खोलीत नेली, तिकडेही. मग परत खिडकीशी आणली. निदान दोन घरं दिसतात.

माझा घसा बसलाय. खोकला नाही, ताप नाही. भागीरथाबाईंनी तुळशीचा काढा दिला, हळदीचं दूध दिलं. उपयोग नाही. सकाळी आवाज निघतो, दुपारपर्यंत चिरका होतो.

तिचा आवाज मात्र भरत चाललाय.

५ जानेवारी १९५८

भागीरथाबाईंना सांगितलं, शपथ मोडा. मी चुकले. पहिल्या हाकेला या, पूर्वीसारख्या या.

त्या बराच वेळ माझ्या बांगड्यांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, लेकराच्या डोक्यावरची शपथ हाय, रामबाई मोडणार नाई. आणि आता तर कळतही नाई, बाई. 'तुमचा आवाज न् तिचा आवाज एकच झाला.'

रोज ऐकतात त्या. हात जोडून बसून राहतात. मीच बसवलंय त्यांना.

मला भीती वाटते. स्वच्छ लिहिते: मला माझ्या बाळासाठी भीती वाटते.

९ जानेवारी

आई रविवारी येतेय. हे तिला आणायला वर्ध्याला जाणार. सोमवारी आम्ही कवडूच्या गाडीतून दवाखान्यात. ट्रंक भरली. टोपडं, दुपटी, आईसाठी तिळगूळ. चार दिवस. चारच.

आवाज सकाळीही फारसा नाही. भागीरथाबाई आता रोज माझ्यापाशी येऊन बसतात. त्या असल्या की हाक येत नाही.

११ जानेवारी

उद्या आई.

आज हाक आली तेव्हा ती माझ्याच आवाजात होती. पुण्याच्या, माझ्या. 'वं' तेवढं तिचं.

१२ जानेवारी

हे पहाटेच गेले. आई दुपारच्या गाडीने उतरेल. दिवस मावळेपर्यंत दोघं येतील.

भागीरथाबाई सकाळपासून होत्या. जेवल्या नव्हत्या. मीच म्हटलं, दोन घास खाऊन या, तेवढ्यात काय होतंय. मीच पाठवलं.

कळ. — नाही, अजून तीन आठवडे आहेत. गॅस असेल—

पुन्हा.

पाणी गेलं. उठता येत नाही. बाजेवरच सरकले, खिडकीच्या गजांपर्यंत.

पहिली हाक मारली. चिरकी, पण निघाली. भागीरथाबाई ताटावरून उठल्या. अंगणात आल्या. हात खरकटा.

दुसरी. रामबाई उंबरठ्यावर. गुलाब कडेवर. दोघी एकमेकींकडे बघतायत.

आता फक्त तिसरी. तोंड उघडलं. काही नाही. नुसती हवा. पुन्हा. पुन्हा—

म्हणून लिहितेय. वही उशाशीच होती. पान फाडून बाहेर टाकीन — दोघींना वाचता येत नाही.

गजातून हात काढला. हलवला. बांगड्या वाजल्या. रामबाईने पाहिलं. तिने गुलाबच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि आत — दार लावलं. अगं मी आहे. बांगड्या तुम्हीच भरल्यात. मी—

भागीरथाबाई उभ्या आहेत अजून. हात जोडलेत. रडतायत. वाट बघतायत. एका हाकेची.

बाळ खाली सरकतंय—

मागून. 'बाई वं.'

ओ द्यायची नाही.

'बाई वं.'

दोनच देते ती. आता थांबेल. रोज थांबते. दोनच—

तिसरी.

तिसरी दिली तिने. तिसरी माणूसच देतं. त्यांनीच सांगितलं. चार वर्षं तिला कोणी ओ — मी नाही. मी नाही देणार. घशात आवाज येतोय. आला. माझा आवाज आला, आता भागीरथाबाईंना तिसरी हाक

तोंडातून निघालं ते ओ